जपानमधल्या होस्ट फॅमिलीचा निरोप घेताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी संपत आला की मेसेज सुरू होतात. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिल ते मार्च, त्यामुळे एक्सचेंजवर गेलेली एक बॅच फेब्रुवारी-मार्चमध्ये परत निघते आणि दुसरी जुलैअखेर नाहीतर ऑगस्टमध्ये, आणि दोन्ही वेळेला प्रश्न तेच. गिफ्ट काय देऊ, बोलू काय, रडायला आलं तर, पाया पडू का. मी स्वतः पुण्यात जपानी शिकून तिकडे एका कुटुंबात राहिलेली आहे आणि नंतर जाणाऱ्या ज्युनियर्सची उत्तरं देत बसणं हे आता कामच झालंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. घर तसं वळण, हे जपानमध्येही खरं आहे. ओसाकातलं दुकानदाराचं घर आणि तोहोकुमधलं शेतकऱ्याचं घर सारखं वागत नाही, तेव्हा तुमच्या घराला काय लागू पडतं ते तुम्हीच बघा.

निरोपाची तयारी कधीपासून करायची? शेवटचा आठवडा पुरतो ना?

नाही पुरत. शेवटचा आठवडा महापालिकेचं ऑफिस, बँक, सिमकार्ड आणि बॅगेचं वजन यातच जातो. महिनाभर आधी सुरुवात करा, आणि पहिलं काम म्हणजे तिकीट बुक झालं त्याच दिवशी तारीख आणि वेळ घरी सांगणं. बहुतेक घरात किचनच्या भिंतीवर नाहीतर फ्रिजवर एक कॅलेंडर असतं, त्यावर मुलांच्या क्लासपासून कचऱ्याच्या दिवसांपर्यंत सगळं लिहिलेलं असतं, तुमची फ्लाइट त्याच्यावर लवकर चढली की ओतोसानला म्हणजे होस्ट वडिलांना सुट्टी टाकता येते. ऑगस्टमध्ये निघणार असाल तर ओबोनचे म्हणजे पूर्वजांच्या सणाचे दिवस शक्यतो टाळा, साधारण 13 ते 16 ऑगस्ट. तेव्हा लोक आपल्या मूळ गावी जातात, ट्रेन भरलेल्या असतात, घरच्यांची आधीच धावपळ असते आणि त्यात तुमची बॅग.

आता माझं एक ठाम मत, पटलं तर घ्या. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत पोरं काय करतात, तर राहिलेलं जपान बघायला निघतात. होक्काइदो राहिलं, हिरोशिमा राहिलं, मित्रांबरोबर कराओके राहिलं. मग घरी फक्त झोपायला येणं होतं. इकडे ओकासान म्हणजे होस्ट आई रोज विचारत असते की आज जेवायला आहेस का, आणि तुम्ही लाइनवर, म्हणजे तिकडच्या मेसेजिंग ॲपवर, सॉरीचा स्टिकर पाठवता. फिरायचं ते आधी उरकून घ्या हो. शेवटचे दोन आठवडे संध्याकाळी घरी जेवा, भांडी पुसायला उभे राहा, टीव्हीसमोर बसा. कुठल्याही महागड्या गिफ्टपेक्षा हे त्यांच्या जास्त लक्षात राहतं, हे मी इतक्या होस्ट आयांकडून ऐकलंय की आता शंकाच उरली नाही.

निघण्याआधी सरकारी कामं कोणती? सगळ्यासाठी होस्टला त्रास द्यायचा नाहीये.

बरोबर आहे, बरंचसं तुम्ही एकट्यानेच करू शकता. घर सोडताना शहराच्या किंवा वॉर्डच्या ऑफिसात तेनशुत्सु-तोदोके द्यायचं असतं, म्हणजे मी इथून चाललो अशी नोंद. निघायच्या तारखेच्या 14 दिवस आधीपासून ते देता येतं. राष्ट्रीय आरोग्य विमा तिथल्याच काउंटरवर बंद होतो आणि हप्त्याचा हिशोबही तिथेच मिटतो. माय नंबर कार्ड (आपल्या आधारसारखं ओळखपत्र) काढलं असेल तर तेही बरोबर न्या. वय 20 च्या पुढे असेल तर पेन्शनची नोंद असते. ज्यांनी विद्यार्थी म्हणून सूट घेतली त्यांना परत मिळण्यासारखं काही नाही, पण ज्यांनी सहा महिने किंवा जास्त खरोखर हप्ते भरलेत त्यांनी एकरकमी परताव्याचा अर्ज करावा, तो जपान सोडल्यावर करायचा असतो आणि मुदत दोन वर्षांची आहे.

एअरपोर्टवर इमिग्रेशनला रेसिडेन्स कार्ड द्यावं लागतं. व्हिसाची मुदत शिल्लक असेल तर स्पष्ट सांगा की परत येणार नाहीये, आणि फॉर्मवर री-एंट्रीच्या चौकटीत सवयीने टिक करू नका. कार्डाला भोक पाडून बऱ्याचदा आठवण म्हणून परत देतात.

होस्टला त्रास नेमका कुठे होतो ते सांगते. तुमच्या नावाची पत्रं त्यांच्या पत्त्यावर येत राहतात. शेवटच्या महिन्याचं मोबाइल बिल पुढच्या महिन्यात येतं, आणि जपान पोस्टची पत्ता बदलून टपाल पुढे पाठवायची सोय देशाबाहेर चालत नाही. म्हणून बिलाचं काय करायचं ते दुकानात विचारून घ्या, बँक खातं सगळी देणी गेल्यावरच बंद करा, आणि ओकासानला आधीच सांगून ठेवा की माझ्या नावाचं काही आलं तर उघडून फोटो पाठवा, मी बघतो किंवा बघते. नाहीतर बिचारी ती पाकिटं न उघडता महिनोन्महिने ड्रॉवरमध्ये सांभाळून ठेवते, कारण दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही.

गिफ्ट काय द्यायचं? बजेट किती?

कमी. खरंच कमी. जपानमध्ये मिळालेल्या भेटीची परतभेट करायची पद्धत आहे, ढोबळ हिशोब निम्म्या किमतीचा, त्यामुळे तुम्ही भारी वस्तू दिलीत की त्यांना लगेच टेन्शन की आता याला काय द्यायचं आणि हा तर परवा चाललाय.

सगळ्यात चांगलं चालतं ते फोटो अल्बम. फोनमधले फोटो कन्व्हिनियन्स स्टोअरच्या मशीनवर प्रिंट करा, 100 येनच्या दुकानातून अल्बम आणा, आणि प्रत्येक फोटोखाली हाताने दोन ओळी लिहा, जपानीत, चुकलं तरी चालेल. कांजी म्हणजे चित्रासारखी अवघड अक्षरं नाही आली तर साध्या हिरागाना लिपीत लिहा. फोटो निवडताना तुमचेच किमोनोतले फोटो भरू नका. आजोबा टोमॅटो बांधतायत, कुत्रा सोफ्यावर, ओकासान डबा भरतेय, असे घरातले घ्या, कारण घरच्यांचे असे फोटो घरच्यांकडेच नसतात.

महाराष्ट्रातलं काही द्यायचं असेल तर वारली चित्र फ्रेम न करता न्या, पैठणीच्या कापडाची पर्स किंवा पाउच, सावंतवाडीच्या लाकडी रंगीत वस्तू, हिमरूची शाल. कोल्हापुरी चपलांबद्दल नेहमी विचारतात. तरुण होस्ट बहिणीला द्या खुशाल, पण आजी-आजोबांना पायात घालायच्या वस्तू भेट देणं जुन्या लोकांना बरं वाटत नाही, शिवाय मापाची बोंब. गणपतीची मूर्ती द्यायची असेल तर आधी विचारा, कारण ती कुठे ठेवायची आणि रोज काही करायचं असतं का हे त्यांना कळत नाही आणि न विचारता ते काळजी करत बसतात. तसा गणपती जपानला परका नाही म्हणा, तोक्योत असाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन म्हणून देऊळ आहे, तिथे कांगितेन या नावाने तोच आहे आणि लोक त्याला मुळा वाहतात! मोदकाच्या जागी मुळा, हे पचायला मला वेळ लागला.

टाळायच्या गोष्टी: चार नगांचा सेट (चारचा एक उच्चार मृत्यूसारखा होतो), नऊही शक्यतो नको, चाकू-कात्री, कंगवा, पांढरे रुमाल. आणि आपली झणझणीत वासाची अगरबत्ती. त्यांच्या देवघरातली उदबत्ती फार मंद असते, आपली लावली की सगळं घर दोन दिवस लग्नाच्या हॉलसारखं.

देताना कॅरीबॅगेतून बाहेर काढून दोन्ही हातांनी द्या. त्यांनी तुमच्यासमोर उघडलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, तशीच पद्धत आहे. उघडून बघा म्हणालात तर मात्र आनंदाने उघडतात.

आई म्हणते हापूसची पेटी पाठवू. चालेल का?

नाही! ताजी फळं सरकारी तपासणीच्या सर्टिफिकेटशिवाय जपानमध्ये नेता येत नाहीत, सामानातून पण नाही आणि पार्सलने पण नाही. फळमाशीच्या भीतीमुळे भारतीय आंब्यावर तिकडे कितीतरी वर्षं बंदीच होती, ती 2006 मध्ये उठली, आणि आता जो आंबा जातो तो गरम वाफेची प्रक्रिया करून अधिकृत निर्यातीतून जातो. आईला सांगा आमरसाचा सीलबंद डबा दे. तो दह्यात घालून दिला तरी घरातली सगळी चाटून पुसून खातात.

त्यांनी मला पाकिटात पैसे दिले. परत करू का?

करू नका. त्याला सेनबेत्सु म्हणतात, लांब निघालेल्या माणसाच्या हातावर ठेवायचे पैसे. आपल्याकडे निघताना आजी पन्नासची नोट मुठीत कोंबते ना, तोच भाव, फक्त पाकीट छान असतं. एकदा नको-नको म्हणायला हरकत नाही पण दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी घ्या, त्यांच्यासमोर मोजू नका, आणि घरी आल्यावर त्यातून काय घेतलं ते पत्रात कळवा. तुमच्याकडून मात्र रोख पैसे नकोत. वर्षभर ठेवून घेतलं त्याची किंमत लावल्यासारखं होतं ते.

निरोपाचं जेवण मी बनवायचं म्हणते. काय करू? माझा स्वयंपाक बेताचाच आहे.

मस्त आयडिया. बेताचा असेल तर मेनूही बेताचाच ठेवा. पुरणपोळीचं धाडस नको, मी एका मुलीला आयएच म्हणजे इंडक्शन शेगडीवर पुरणपोळी करताना व्हिडिओ कॉलवर पाहिलंय, आठवलं तरी घाम येतो. त्या शेगडीला ज्योत नसते त्यामुळे फुलका फुगवायचं पण विसरा. साधं वरण-भात-तूप, बटाट्याची पिवळी भाजी, काकडीची कोशिंबीर आणि श्रीखंड. श्रीखंड हमखास हिट. साधं दही कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळतं, पातळ फडक्यात किंवा कॉफी फिल्टरमध्ये घालून रात्रभर फ्रिजमध्ये निथळत ठेवा, साखर नेहमीपेक्षा कमी घाला, त्यांना फार गोड झेपत नाही.

सामान कुठे मिळेल? तोक्योत असाल तर शिन-ओकुबोची मसाल्याची दुकानं, नाहीतर निशी-कसाई, तिथे भारतीय वस्तीच आहे. लहान गावात ग्योमु सुपर किंवा काल्दी ही चेन दुकानं बघा, हळद-जिरं-धणे मिळून जातात. कढीपत्त्याची आशा सोडा. हिरव्या मिरच्या समजून शिशितो आणू नका, त्या दिसतात मिरच्यांसारख्या पण बहुतेक तिखट नसतात. कोथिंबीर घालण्याआधी विचारा, तिकडे तिला पाकुची म्हणतात आणि लोक एकतर जीव टाकतात नाहीतर वाससुद्धा सहन करत नाहीत.

फोडणी करताना एक्झॉस्ट फुल, खिडकी उघडी, आणि मोहरीवर झाकण. शेगडी आणि मागची भिंत त्याच रात्री पुसून काढा, सकाळी नाही. हे लिहिते कारण हळदीचा डाग पांढऱ्या किचनवर निघत नाही.

आणि एक. तुम्ही शाकाहारी असाल तर वर्षभर त्या बाईने तुमच्यासाठी काय केलंय ते नीट समजून घ्या. जपानी स्वयंपाकाचा पायाच दाशी म्हणजे उकळून काढलेलं चवीचं पाणी, आणि ते बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचं असतं. तुमच्यासाठी तिने मिसो सूप वेगळ्या पातेल्यात, कोंबू म्हणजे समुद्री वनस्पतीच्या दाशीत केलं असेल, रोज. त्याचे आभार वेगळे आणि नाव घेऊन माना. सगळ्यासाठी थँक्यू हे काहीच नाही, वेगळ्या पातेल्यासाठी थँक्यू म्हणालात की तिला कळतं की तुम्ही बघत होता.

फेअरवेलला भाषण करावं लागतं का? माझं जपानी अजून कच्चं आहे.

लागतं, हो. घरगुती का असेना पण सोबेत्सुकाई म्हणजे निरोपाची पार्टी झाली की कोणीतरी म्हणणारच, चला आता दोन शब्द. एक मिनिट पुरे. आल्यावर काय अवस्था होती, एक मजेशीर प्रसंग, एकेका माणसाचा एक नेमका उल्लेख, आणि शेवटी ओसेवा नि नारिमाशिता, म्हणजे तुम्ही माझं खूप केलंत, आभार. हे शेवटचं वाक्य पाठच करा, त्याशिवाय निरोप पूर्ण होत नाही. कागद बघून वाचलं तरी चालतं, उलट तुम्ही लिहून काढलं याचंच कौतुक होतं. फार सन्मानार्थी, ऑफिसातलं जपानी वापरू नका, वर्षभर घरात साधं बोलत होता आणि आता अचानक बातम्या दिल्यासारखं बोललात तर सगळे हसतील. आणि दारातून निघताना सायोनारा नको, ते फार कायमचं वाटतं. रोज कॉलेजला जाताना म्हणायचात तेच इत्तेकिमासु (जाऊन येते) म्हणा, बहुतेक ओकासान पण इत्तेराशाइ (जाऊन ये) म्हणूनच पाठवते.

शिकिशी म्हणून चौकोनी जाड पुठ्ठा मिळतो, मधे नाव आणि भोवती गोल गोल सगळ्यांचे मेसेज. तो तुम्हाला मिळेल बहुतेक. बॅगेत दुमडू नका, लॅपटॉपच्या कप्प्यात ठेवा.

पाया पडले तर चालेल का? आणि मिठी?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचीच पोरं विचारतात आणि मला तो फार आवडतो. चालेल, पण आधी सांगून. न सांगता अचानक जमिनीवर डोकं टेकलंत तर ते त्यांना दोगेझासारखं दिसतं, म्हणजे मोठा अपराध करून गयावया करणारा माणूस, आणि ओतोसान घाबरून तुम्हाला उठवायला धावतील. आधी एका वाक्यात सांगा की आमच्याकडे लांब जाताना मोठ्यांचा आशीर्वाद घेतात. आजी-आजोबांना हे फार लागतं, चांगल्या अर्थाने. मग नुसतं वाकून पायाला हात लावला तरी बास. तातामीवर म्हणजे विणलेल्या गवती चटईच्या जमिनीवर बसून दोन्ही हात पुढे टेकवून वाकणं ही तर त्यांचीच पद्धत आहे, ते जमलं तर दोन्ही बाजूंचं काम झालं.

मिठीचं म्हणाल तर ती त्यांच्याकडून आली तर घ्या. ओकासान मिठी मारतात कधीकधी. ओतोसानकडून बहुधा मान डोलावणं आणि "जेवत जा नीट" एवढंच मिळेल. त्यांनी काहीच बोललं नाही म्हणजे काही वाटलं नाही असा अर्थ लावू नका, त्यांनी तुमची बॅग तीनदा वजन करून पाहिली असेल ते बघा.

घरात बुत्सुदान आहे. तिथेही निरोप घ्यायचा?

घ्या. जिथे पूर्वजांचं हे देवघर आहे त्या घरात चांगली बातमी, परीक्षेचा निकाल, कुणाकडून आलेला मिठाईचा बॉक्स आधी तिथे जातो. निघायच्या दिवशी सकाळी ओबाआसानला म्हणजे आजीला विचारा, मी नमस्कार करू का. उदबत्ती लावायची, फुंकर मारून विझवायची नाही, हाताने वारा घालायचा, छोटी घंटा वाजवायची, हात जोडायचे. आपल्या मुलांना हे शिकवावंच लागत नाही. तुम्ही आणलेली गिफ्टसुद्धा बऱ्याच घरात आधी तिथे ठेवली जाते, तेव्हा ती लगेच उघडली नाही म्हणून परत प्रश्न विचारू नका.

रूम कशी सोडायची?

आलात तेव्हा होती त्यापेक्षा रिकामी. कपाटात "पुढच्या वेळी नेईन" म्हणून खोकं ठेवू नका. चादरी काढून धुवायला टाका, फुतोन म्हणजे जमिनीवरची गादी उन्हात घालून घडी करून कपाटात, तातामी असेल तर विणीच्या दिशेने व्हॅक्यूम करा, आडवं नाही. कचऱ्याचे दिवस ठरलेले असतात हे तुम्हाला आता माहितीच आहे, पण मोठ्या वस्तूंना वेगळी अपॉइंटमेंट घ्यावी लागते आणि स्टिकर विकत घेऊन चिकटवावा लागतो, ते शेवटच्या दिवशी होत नाही. किल्ली टेबलावर ठेवून जाऊ नका, हातात द्या.

माझी सायकल?

नुसती कुणाला देऊन येऊ नका. सायकलची पोलिसांकडे मालकाच्या नावाने नोंदणी असते. ती तुमच्या नावावर राहिली आणि होस्ट भाऊ तीच चालवताना रस्त्यात तपासणीला थांबवला गेला तर त्याला तासभर समजावत बसावं लागेल. नोंदणीचा कागद शोधा, रद्द करा किंवा नवीन माणसाच्या नावावर करायला द्या, आणि मी ही सायकल अमुकला दिली असं सही करून लिहून द्या.

सामान फार झालंय. ओतोसान म्हणतात गाडीने एअरपोर्टला सोडतो, पण तीन तासांचा रस्ता आहे.

त्यांची इच्छा असेल तर येऊ द्या, पण बॅगांसाठी नको. ताक्क्युबिनने म्हणजे कुरिअरने बॅग थेट एअरपोर्टच्या काउंटरवर पाठवता येते, यामातो कंपनीची ती काळ्या मांजरीच्या चित्राची गाडी घरी येऊन नेते, दोन दिवस आधी द्या, लांबच्या भागात असाल तर त्याहून आधी. पुस्तकं वगैरे जड वस्तू जहाजाने पार्सल करायच्या, दोन-तीन महिने लागू शकतात पण स्वस्त पडतं. सध्या कुठली सेवा सुरू आहे ते पोस्टात विचारूनच घ्या.

मग शेवटचा प्रवास हात मोकळे ठेवून होतो. शिनकानसेनने म्हणजे बुलेट ट्रेनने जाणार असाल तर घरचे प्लॅटफॉर्म तिकीट काढून डब्यापर्यंत येतात. खिडकीची सीट प्लॅटफॉर्मच्या बाजूची घ्या. आणि कुठेही निरोप घेतलात, घराच्या दारात, गेटवर, सिक्युरिटीच्या रांगेत, तरी वळून बघा. तुम्ही दिसेनासे होईपर्यंत ते तिथेच उभे असतात, हात हलवत. न बघता फोनमध्ये डोकं घालून पुढे गेलात तर ते नंतर काही बोलणार नाहीत, पण बघितलेलं असतं.

खरं सांगायचं तर आमचं फारसं जमलं नाही. तरी हे सगळं करायचं?

अर्धं करा. सगळ्यांना प्रेमळ कुटुंब मिळत नाही, काही ठिकाणी नुसता भाडेकरू असल्यासारखं वर्ष जातं, आंघोळीच्या वेळेवरून कुरबुरी, जेवणावरून कुरबुरी. खोटं रडण्याची आणि दुसरे आई-बाबा वगैरे लिहिण्याची काही गरज नाही. एक छोटा मिठाईचा बॉक्स, स्वच्छ रूम, ओसेवा नि नारिमाशिता आणि एक कार्ड, विषय संपला. मनातली तक्रार शेवटच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर काढू नका, ती प्रोग्रामच्या को-ऑर्डिनेटरला लेखी द्या म्हणजे पुढच्या मुलीला फायदा होईल. आणि खरोखर गंभीर काही घडलं असेल, पैसे अडवले, पासपोर्ट ठेवून घेतला, कुणी नको तसं वागलं, तर निरोपाचे शिष्टाचार गेले चुलीत, आधी कॉलेजला आणि वकिलातीला कळवा.

मी रोटरीकडून गेले होते, तीन घरं बदलली. तिन्हीकडे सारखंच करायचं?

गिफ्ट सारखं ठेवा, पत्रं वेगवेगळी लिहा. रोटरी युथ एक्सचेंजमध्ये घरं बदलणं हे ठरलेलंच असतं आणि ही कुटुंबं क्लबमुळे एकमेकांना ओळखतात, मीटिंगला भेटतात, बोलतात. एकीला पैठणी पर्स आणि दुसरीला कीचेन असं झालं तर ते कळणारच. पहिल्या घराला शेवटच्या महिन्यात आवर्जून एकदा जेवायला जा, तुमच्या तोंडातून धड वाक्य निघत नव्हतं तेव्हा त्यांनीच निभावून नेलं होतं. क्लबमधल्या तुमच्या काउन्सेलरलाही विसरू नका.

घरात पाच वर्षांची होस्ट बहीण आहे. ती विचारते परत कधी येणार.

"पुढच्या वर्षी नक्की" असं म्हणू नका, ती लक्षात ठेवते. माहीत नाही पण पत्र पाठवीन असं सांगा आणि पाठवा. नकाशावर पुणे दाखवा, साडेतीन तासांचा फरक दाखवा, ती जेवते तेव्हा मी अजून कॉलेजातच असते वगैरे. लहान मुलांना ते भारी वाटतं.

परत आल्यावर काय?

इथेच सगळे ढेपाळतात, आणि माझ्या मते खरा निरोप इथेच असतो. पोचल्याचा मेसेज त्याच दिवशी. हाताने लिहिलेलं आभाराचं पत्र पहिल्या एक-दोन आठवड्यांत, कारण उशीर झाला की लिहायचीच लाज वाटायला लागते आणि मग ते कधीच जात नाही. लाइनवर मेसेज केला म्हणून पत्र टाळू नका, ते पत्र फ्रिजवर लागतं, बुत्सुदानजवळ ठेवलं जातं, शेजारणीला दाखवलं जातं.

लाइनचं एक टेक्निकल: जपानी सिम बंद करण्याआधी अकाउंटला ईमेल आणि पासवर्ड जोडा, चॅटचा बॅकअप घ्या, आणि भारतातला नंबर मिळाला की तो बदलून टाका. नाहीतर फोन बदलला की अकाउंटसकट सगळं गायब, आणि व्हॉट्सॲपवर तिकडे कोणी नसतं.

डिसेंबरात नेंगाजो, म्हणजे नव्या वर्षाचं कार्ड. भारतातून पाठवताना भरपूर आधी टाका. 7 जानेवारीनंतर पोचणार असेल तर नव्या वर्षाच्या शुभेच्छांऐवजी थंडीत तब्येतीची विचारपूस करणारं कार्ड पाठवतात. आणि नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांच्याकडून करड्या रंगाचं, साधं कार्ड आलं तर नीट वाचा, घरात कोणी गेलेलं असू शकतं, त्या वर्षी नेंगाजो पाठवायचं नसतं. आजींची तब्येत कशी आहे हे फोनवर सहसा सांगत नाहीत, असंच कळतं.

माझ्या आई-बाबांनी काही करायला हवं का?

हो, आणि हे कोणी विचारतच नाही. तुमच्या आईचं एक पत्र, मराठीत, तिच्या अक्षरात, आणि खाली तुम्ही केलेला जपानी तर्जुमा. तिच्या मुलीला वर्षभर कोणी जेवू घातलं याबद्दल एका आईने दुसऱ्या आईला लिहिलेलं. फेअरवेलच्या जेवणात ते मोठ्याने वाचा. टिश्यूचा बॉक्स जवळ ठेवा. बाबांनी व्हिडिओ कॉलवर इंग्लिशमधून आभाराचं भाषण सुरू केलं तर त्यांना प्रेमाने आवरा, ओतोसानना त्यातलं फार काही कळत नाही आणि ते नुसते "येस, येस" म्हणत वाकत राहतात.

ते म्हणतात आम्ही भारतात येतो. खरंच येतील की बोलायचं म्हणून?

काही जण खरंच येतात. जपानी पासपोर्टवाल्यांना भारतात मोठ्या एअरपोर्टवर व्हिसा ऑन अरायव्हलची सोय 2016 पासून आहे, मुंबईही त्यात आहे, पण पुण्यात थेट उतरणार असतील तर ते चालत नाही, ई-व्हिसा काढून घ्यायला सांगा आणि ताजे नियम त्यांनाच तपासू दे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बोलवा. एप्रिल-मे मध्ये आणलंत तर आंबा मिळेल पण माणसं आडवी होतील. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान दाखवा, ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे, विशेषतः होस्ट त्या बाजूचे असतील तर अर्धा दिवस तिथेच जातो, आजोबा प्रत्येक झाड कसं छाटलंय ते तपासत फिरतात. घरी बाटलीचं पाणी, टॉयलेट पेपर आणि मिसळीचा कमी तिखट रस्सा तयार ठेवा, आणि वाढताना सारखा आग्रह करू नका, त्यांना ताटात टाकायची लाज वाटते म्हणून ते सगळं संपवत राहतील.